रंगभवनची पोरं आणि तेरा वर्षांनी परत आलेला बँड

मी बोलतोय ओवे गावातून. पनवेल तालुक्यातलं ओवे, खारघरच्या टॉवर्सना लागून असलेलं. ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलताना जे ‘अं... म्हणजे... ते हे’ झालं तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका वाक्यात सांगतो. बँड फुटतो, वर्षं जातात, फॅन लोकांची लग्नं होतात, केस जातात, आणि एक दिवस बातमी येते की ते पुन्हा एकत्र येतायत. मग जे काय होतं ना, त्याचा इतिहास.

सुरुवात अगदी अलीकडच्या तारखेपासून करू. १७ मे २०२५, महालक्ष्मी रेसकोर्स. गन्स अँड रोझेस मुंबईत. आता कोणी म्हणेल, हे तर २०१२ मध्येपण येऊन गेले होते. बरोबर. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनी बंगळुरू, मुंबई आणि दिल्लीजवळ असे तीन शो केले होते. पण तेव्हा स्टेजवर ॲक्सल रोझ होता आणि स्लॅश नव्हता. स्लॅश १९९६ मध्ये बाहेर पडला, बेसवाला डफ मॅकेगन १९९७ मध्ये. हे दोघं परत आले २०१६ मध्ये, आणि त्या टूरचं नावच होतं ‘नॉट इन दिस लाइफटाइम’, कारण बँड कधी एकत्र येणार या प्रश्नावर ॲक्सलचं तेच उत्तर असायचं. म्हणजे २०१२ मध्ये मुंबईनं जे पाहिलं त्याचं नाव गन्स अँड रोझेस होतं, आणि २०२५ मध्ये जे पाहिलं त्याचंही नाव गन्स अँड रोझेसच होतं. तिकिटावर फरक दिसत नाही. पण फॅनला विचारा, तो हातातला चहा बाजूला ठेवून तुम्हाला अर्धा तास समजावेल.

इथेच मला पहिला प्रश्न पडला. ‘बँड परत आला’ म्हणजे नक्की कोण परत आलं? नाव? माणसं? गाणी? की आपलं कॉलेज?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला लॉस एंजेलिसपर्यंत जावं लागलं नाही. आपल्या मुंबईतच एक केस आहे, आणि ती माझ्या मते जास्त भारी आहे. बँडचं नाव रॉक मशीन. पुढे तोच बँड इंडस क्रीड झाला.

आधी जागा सांगतो, कारण जागेशिवाय ही गोष्ट कळत नाही. सीएसएमटीला उतरून धोबीतलावाच्या दिशेनं चालत निघालात की सेंट झेवियर्स कॉलेज, कामा हॉस्पिटल, जी. टी. हॉस्पिटल हा सगळा पट्टा लागतो. तिथेच रंगभवन. राज्य सरकारचं खुलं नाट्यगृह, वर छप्पर नाही. ‘रंगभवन गल्ली’ हे नाव आपल्या पिढीनं ऐकलंय ते २६/११ मुळे. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर याच गल्लीत शहीद झाले. पण आपल्या आधीच्या पिढीच्या एका वेगळ्याच जमातीसाठी रंगभवन म्हणजे गिटार. १९७८ पासून इथे ‘जॅझ यात्रा’ व्हायची, जगभरचे जॅझवाले यायचे. आणि १९८६ मध्ये फरहाद वाडिया या संगीतकारानं ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केलं, पोरांच्या भाषेत आय-रॉक. १५ ऑगस्टच्या आगेमागे व्हायचं म्हणून नाव इंडिपेंडन्स. ऑगस्ट म्हणजे मुंबईचा पाऊस, आणि वर छप्पर नाही. पुढचं चित्र तुम्हीच काढा.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका राहतात. बँकेतून रिटायर झालेत, मूळचे डोंबिवलीचे, मुलाबरोबर राहायला इकडे आले. त्यांच्याकडे बघून वाटणार नाही, पण हा माणूस रंगभवनचा. लिफ्टमध्ये माझ्या टी-शर्टवर मेटालिका वाचून त्यांनी विचारलं, “गाणं ऐकतोस की नुसता शर्ट घालतोस?” तिथून मैत्री जमली.

मी त्यांना विचारलं, “काका, तेव्हा तुम्हाला कळायचं कसं, कुठे काय आहे ते?”

“पोस्टर लागायचं ना कॉलेजच्या भिंतीवर. आणि एकाला कळलं की चाळीस जणांना कळायचं. घरी सांगायचं, मित्राकडे अभ्यासाला जातोय. शेवटची लोकल चुकली तर व्हीटीला बाकड्यावर.”

“आणि भिजलात तर?”

“अरे, भिजायलाच जायचो.”

आता इथे माझा एक छोटा हिशेब, कारण मी ओव्याचा आहे आणि मला दर वेळी हाच प्रश्न पडतो की आपल्याकडचं कोणी तिथे पोचलं असेल का. १९८६ मध्ये खाडीच्या या बाजूला लोकलच नव्हती. मानखुर्दहून वाशीपर्यंत रूळ आले १९९२ मध्ये, बेलापूरपर्यंत १९९३ मध्ये, आणि हार्बरची लोकल पनवेलला पोचली १९९८ मध्ये. त्याआधी मुंबई म्हणजे एसटी आणि खाडीपूल. रात्री अकराला धोबीतलावावरून ओव्याला परत येणं म्हणजे विचारूच नका. आणि रॉक मशीन, म्हणजे तेव्हाचं इंडस क्रीड, फुटलं १९९७ मध्ये. लोकल आली तेव्हा बँड गेला होता. रॉक हे ‘टाउनच्या पोरांचं’ संगीत असं आपल्याकडे आजही म्हणतात, त्यात इंग्रजीचा, कॉन्व्हेंटचा, पैशांचा वाटा आहेच. पण थोडा वाटा टाइमटेबलचापण आहे असं मला वाटतं. डोंबिवलीला शेवटची लोकल होती म्हणून काका फॅन झाले. पनवेलला नव्हती.

बरं, बँडकडे येऊ.

रॉक मशीन १९८४ मध्ये मुंबईत जमलं. नंतर जो संच सगळ्यांच्या लक्षात राहिला त्यात गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश टिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आणि ड्रम्सवर मार्क मेनेझेस. नावं वाचूनच कळतं की ही मुंबई आहे. एका बँडमध्ये कोकणी आडनाव, गुजराती, पारशी, ख्रिश्चन, सगळं.

तेव्हा बँड चालवणं म्हणजे काय होतं हे आज मोबाइलवर गॅरेजबँड उघडणाऱ्याला सांगूनही पटणार नाही. परदेशी गिटारवर इतकी कस्टम ड्युटी की ती कोणीतरी दुबईहून किंवा लंडनहून येणाऱ्या मामाच्या सामानातूनच यायची. नाहीतर आपली देशी गिव्हसन. तारा मळून बोथट वाजायला लागल्या की उकळून पुन्हा लावायच्या. अँप उसना. गाणं शिकायचं म्हणजे कॅसेट रिवाइंड करत करत कानानं उचलायचं, कारण नेटवर कॉर्ड बघायला नेटच नव्हतं.

आणि प्रेक्षक? प्रेक्षकांना काय पाहिजे होतं माहितीये? कव्हर्स. डीप पर्पल वाजवा, लेड झेपेलिन वाजवा, आयर्न मेडन वाजवा. जे बँड इथे कधी येणारच नाहीत असं वाटायचं, त्यांची गाणी समोर कोणीतरी हुबेहूब वाजवतंय, यातच सगळी मजा. हे मी कमी लेखत नाही. मला स्वतःला कॉलेज फेस्टमध्ये लिंकिन पार्कचं कव्हर ऐकून अंगावर काटा आलाय. पण याचा परिणाम असा की स्वतःचं गाणं घेऊन उभं राहणाऱ्या बँडला रंगभवनच्या पब्लिकसमोर खरी परीक्षा द्यावी लागायची. ते पब्लिक प्रेमळ होतं असं कोणी म्हणत नाही. आवडलं नाही तर शिव्या, आणि त्यापण कोरसमध्ये.

अशा काळात रॉक मशीननं १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम काढला. स्वतःची इंग्रजी गाणी, मोठ्या कंपनीकडून, कॅसेटवर. १९९० मध्ये दुसरा, नाव ‘द सेकंड कमिंग’. दुसरं आगमन! खऱ्या दुसऱ्या आगमनाला अजून वीस वर्षं होती हे त्यांना तरी कुठे माहीत.

काका सांगतात की पहिल्यांदा ती गाणी लाइव्ह ऐकली तेव्हा त्यांनीही इतरांबरोबर ‘पर्पल! पर्पल!’ असा आरडाओरडा केला होता. मग कॅसेट घरी आली. मग पाठ झाली. मग पुढच्या शोला तीच गाणी त्यांच्याबरोबर म्हटली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९१ मध्ये दोन गोष्टी झाल्या. एक, अर्थव्यवस्था उघडली. ते शाळेत शिकवतात. दुसरी शाळेत शिकवत नाहीत: स्टार टीव्हीच्या डिशवरून एमटीव्ही घराघरात आला. तोपर्यंत फक्त स्टेजवर दिसणारा बँड आता टीव्हीवर दिसायला लागला, आणि तोही परदेशी बँडच्या रांगेत. ‘टॉप ऑफ द रॉक’, ‘प्रिटी चाइल्ड’, नंतर ‘ट्रॅप्ड’, यांचे व्हिडिओ लागायचे. ज्या पोरांना ‘आपला बँड’ म्हणजे दुय्यम वाटायचा, त्यांना पहिल्यांदा तो दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेतून दिसला. आपल्याकडे ही सवय जुनीच आहे म्हणा, बाहेरच्यानं बरं म्हटलं की मग आपण बरं म्हणतो.

१९९३ मध्ये त्यांनी नाव बदललं. रॉक मशीनचं इंडस क्रीड. ‘इंडस’ म्हणजे सिंधू, ‘क्रीड’ म्हणजे श्रद्धा किंवा पंथ. आवाजातपण आपल्या मातीचं काहीतरी यावं ही धडपड होती. १९९५ मध्ये याच नावाचा अल्बम आला. नाव बदलल्यावर जुने फॅन नाराज झाले का? अर्थात झाले. फॅन नावाची जमात कुठल्याही बदलावर आधी नाराज होते आणि मग पाच वर्षांनी तोच बदल ‘क्लासिक’ म्हणून वाटते. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एक बटण हलवलं तरी हेच होतं.

मग १९९७ मध्ये बँड थांबला.

का थांबला याची आतली कारणं त्या सहा जणांना ठाऊक. बाहेरून जे दिसतं ते मी सांगू शकतो. १९९४ मध्ये एमटीव्ही स्टारवरून गेला आणि त्याच्या जागी चॅनल व्ही आला. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं आणि कॅसेट कंपन्यांना कळलं की खरा पैसा हिंदी पॉपमध्ये आहे. १९९६ मध्ये एमटीव्ही परत आला तो ‘एमटीव्ही इंडिया’ होऊन, आणि हळूहळू हिंदी बोलायला लागला. मला हे वाईट वाटत नाही, घरात माझी आईपण मग ते चॅनल बघायला लागली असणार. पण इंग्रजीत स्वतःची गाणी करणाऱ्या मुंबईच्या बँडला जो दरवाजा १९९१ मध्ये उघडला होता तो पाचेक वर्षांत जवळजवळ बंद झाला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यू यॉर्कला गेले, तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ नावाचा बँड केला.

योगायोग बघा, १९९७ हेच माझं जन्मसाल. म्हणजे मी या बँडला पहिल्या अवतारात पाहणं शक्यच नव्हतं.

आता तेरा वर्षं काहीच नाही. आणि या तेरा वर्षांत जागासुद्धा गेली. २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नवे नियम आले. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र. रंगभवनच्या एका बाजूला कॉलेज, जवळच हॉस्पिटलं. पुढच्या थोड्याच वर्षांत तिथले रॉक शो बंद झाले. यात व्हिलन शोधायचा मी खूप प्रयत्न केला, सापडला नाही. कामा हॉस्पिटल हे बायकांचं आणि मुलांचं हॉस्पिटल आहे. तिथे बाळंतीण झोपलीये आणि भिंतीपलीकडे डबल बास ड्रम चाललाय, हे मी रॉकवाला असूनही मला पटणार नाही. नियम बरोबर होता. तोटाही खरा होता. तेवढ्या भाड्यात, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी, कोणालाही परवडेल अशी दुसरी जागा शहरानं दिली नाही. आय-रॉक तिथून हललं, पुढे अंधेरीच्या चित्रकूट ग्राउंडवर वगैरे होत राहिलं.

अशी लांब वाट बघण्यात आपण एकटे नाही. आपल्या शेजारी, गोव्यात, यापेक्षा मोठा दाखला आहे. तो रॉकचा नाही, पण सांगतोच. लोर्ना कोर्देरो. साठच्या दशकात मुंबईच्या नाइटक्लबमध्ये ख्रिस पेरीच्या बँडबरोबर गाणारी, कोकणी गाण्यांची राणी. सत्तरच्या दशकात दोघं वेगळे झाले आणि बाई गायचंच थांबली. जवळजवळ वीस वर्षं. १९९५ मध्ये ‘हॅलो लोर्ना’ या कॅसेटनं ती परत आली तेव्हा गोव्यात जो जल्लोष झाला तो आजही म्हातारे लोक सांगतात. या दोघांवर बेतलेला ‘नाचूंया कुंपासार’ हा बार्दरॉय बारेटोंचा सिनेमा शोधून बघा. मला त्यातून एक गोष्ट कळली: लोक थांबतात तेव्हा ते गप्प बसून थांबत नाहीत. ते गाणी वाजवत राहतात. लग्नात, बसमध्ये, जुन्या कॅसेटवर. कलाकार नसतानाही गाण्याचं काम चालू असतं, आणि परत येणाऱ्या माणसाला त्या गाण्याशी टक्कर द्यायची असते.

रॉक मशीनच्या बाबतीत हेच झालं. कॅसेट झिजल्या, कोणीतरी त्या कॉम्प्युटरवर घेतल्या, त्यांच्या खरखरणाऱ्या एमपीथ्री झाल्या, हॉस्टेलच्या लॅनवर फिरल्या. ज्यांनी रंगभवनला ‘पर्पल! पर्पल!’ असा आरडाओरडा केला होता, तेच आता आपल्या पोरांना सांगायला लागले, “आमच्या वेळी असा बँड होता, अशी गाणी होती.”

आणि २०१० मध्ये बातमी आली. इंडस क्रीड परत येतंय.

२०१० चं वातावरण थोडं आठवा, म्हणजे माझ्यापेक्षा मोठे असाल तर. ऑर्कुट संपत आलेलं, फेसबुक नवीन. लोअर परळच्या गिरणीत ‘ब्लू फ्रॉग’ चालू होतं, जिथे बँडला बऱ्यापैकी साउंड आणि बऱ्यापैकी पैसे मिळायचे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’ सुरू झाला. स्वतःची गाणी वाजवणारे कितीतरी बँड तयार झाले होते आणि पब्लिक कव्हर मागत नव्हतं. म्हणजे १९८८ मध्ये रॉक मशीन ज्या देशासाठी गाणी करत होतं, तो देश ते नसताना तयार झाला होता.

काका म्हणतात बातमी कळली तेव्हा ते ब्रँचमध्ये होते. एका जुन्या मित्राचा फोन आला, तो फक्त “परत येतायत” एवढंच म्हणाला. कोण, काय, काही नाही. “आणि मला कळलं,” काका म्हणतात. “समोर कस्टमर उभा, हातात त्याचं पासबुक. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा हं.”

पण परत आलं कोण? उदय बेनेगल, महेश टिनईकर, झुबिन बालापोरिया, हे तिघं जुने. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी, हे दोघं नवे, वयानं बरेच लहान. म्हणजे अर्ध्याहून जरा जास्त बँड. इथे फॅन लोकांत लगेच दोन पार्ट्या. एक म्हणते, जयेश आणि दोन्ही मार्क नाहीत तर हा तो बँड नाहीच. दुसरी म्हणते, आवाज तोच आहे ना, मग झालं.

मी यात तिसऱ्या बाजूला आहे आणि ती बाजू मला काकांच्या एका वाक्यामुळे सापडली. ते पुन्हा एकत्र आलेल्या बँडला ऐकायला गेले. बँडनं नवं गाणं सुरू केलं. आणि काका आणि त्यांची सगळी गँग पुन्हा बोंबलली. या वेळी त्यांना ‘टॉप ऑफ द रॉक’ पाहिजे होतं.

कळलं का? बावीस वर्षांपूर्वी हेच लोक बँडला म्हणत होते की तुमची स्वतःची गाणी नकोत, पर्पलची वाजवा. आता म्हणत होते की तुमची नवी गाणी नकोत, तुमचीच जुनी वाजवा. बँड स्वतःच्याच गाण्यांचा कव्हर बँड व्हावा ही मागणी!

मी काकांना हे म्हटलं तर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तू लग्न कर आधी, मग बोलू.” याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

इंडस क्रीडनं या मागणीचं काय केलं, तर २०१२ मध्ये नवा अल्बम काढला. नाव ‘इव्हॉल्व्ह’. नावातच उत्तर आहे. त्याचं मिक्सिंग केलं टिम पामरनं, ज्यानं पर्ल जॅमचा ‘टेन’ मिक्स केला होता. अल्बममधलं ‘फायरफ्लाइज’ ऐका. १९८८ चा जोरदार, केस उडवणारा हार्ड रॉक इथे नाही. गाणी लांब आहेत, सावकाश उलगडतात, वयानं मोठ्या झालेल्या माणसांची आहेत. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’च्या लगेच पाठोपाठ ऐकलंत तर दोन वेगळे बँड वाटतील. मी तसंच ऐकलं, कोपरखैरणेला ऑफिसला जाताना, सकाळच्या ट्रॅफिकमध्ये. मला ‘इव्हॉल्व्ह’ जास्त आवडला. काकांसमोर हे बोललो नाही अजून.

आता माझ्या पिढीकडे येतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा काकांना हसतोय. चेस्टर बेनिंग्टन २० जुलै २०१७ ला गेला तेव्हा मी बीटेक करत होतो. हॉस्टेलच्या गॅलरीत त्या रात्री कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. माझ्या रूममेटनं इंग्रजी शिकली ती लिंकिन पार्कच्या लिरिक्सवरून, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतोय. मग सात वर्षं गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते परत आले, गायिका एमिली आर्मस्ट्राँगला घेऊन. नोव्हेंबरमध्ये ‘फ्रॉम झीरो’ आला. आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी भांडणं झाली ती मी इथे लिहू शकत नाही, लहान मुलंपण वाचतात. एकानं ग्रुप सोडला. खरंच सोडला. त्याचं म्हणणं, चेस्टरशिवाय हे नाव वापरायचंच कशाला? आणि मी, जो आत्ता तुम्हाला ‘इव्हॉल्व्ह’ शिकवतोय, तो लाइव्हस्ट्रीम बघताना जुनं गाणं लागलं की स्क्रीनजवळ सरकत होतो आणि नवं लागलं की पाणी प्यायला उठत होतो.

म्हणजे लफडं दोन्हीकडे सारखंच आहे. एक फरक मात्र आहे आणि तो माझ्या धंद्यातला आहे. आज परत येणाऱ्या बँडचा आनंद सुरू होतो तो रांगेतल्या नंबरनं. ओएसिस २००९ मध्ये फुटला, ऑगस्ट २०२४ मध्ये परत यायची घोषणा झाली, आणि पहिली बातमी गाण्याची आलीच नाही. ती होती ऑनलाइन रांगेची आणि रांगेत उभं असतानाच वाढलेल्या किमतीची. आपल्याकडे तोच अनुभव कोल्डप्लेनं दिला, जो मुळात कधी फुटलाच नव्हता. जानेवारी २०२५ चे शो आमच्या इथून जवळ, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, आणि तिकिटाच्या रांगेत नंबर लाखांत. तांत्रिकदृष्ट्या ती रांग अगदी साधी गोष्ट असते. सगळे एकदम डेटाबेसवर आदळू नयेत म्हणून बाहेर एक वेटिंग रूम, प्रत्येकाला एक टोकन, आणि आत थोडे थोडे सोडायचे. रंगभवनच्या गेटवरचा माणूस हेच करायचा. पण त्या रांगेत पुढचा-मागचा माणूस दिसायचा. काकांचे दोन जिवलग मित्र त्या रांगेत भेटलेले आहेत. माझ्या पुढे लाखभर लोक होते, त्यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलं नाही.

आय-रॉकसुद्धा बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये परत आलं, माझगावच्या बेव्ह्यू लॉन्सवर, समुद्राकाठी. म्हणजे पुन्हा एकत्र येण्याची वेळ फेस्टिव्हलवरही आली. रंगभवन मात्र तिथेच आहे आणि तिथे रॉक होत नाही. सरकारी जागा आहे, तिचं काय करायचं याची चर्चा मधूनमधून पेपरात येते. माझं मत विचाराल तर बंदिस्त, साउंडप्रूफ सभागृह होऊ दे, हॉस्पिटलला त्रास नको आणि तिकीट कॉलेजच्या पोराला परवडू दे. ते झालं तर आता पनवेलहून सीएसएमटीला थेट लोकल आहे. ओव्याचं पोरगं पोचेल.

ऐकायचं असेल तर क्रम सांगतो. आधी ‘टॉप ऑफ द रॉक’, मग ‘प्रिटी चाइल्ड’, मग ‘ट्रॅप्ड’, आणि मग थेट ‘फायरफ्लाइज’. ज्यांच्या घरी जुनी कॅसेट पडली असेल त्यांनी ती फेकू नका. तिच्या कव्हरचा, आतल्या नावांच्या कागदाचा फोटो मला पाठवा, मी एक फोल्डर करतोय. काकांची ‘द सेकंड कमिंग’ सापडलीये, रीळ अडकलंय. या रविवारी पेन्सिल घेऊन बसणार आहोत.